मागे स्प्रिंग नसलेली सायकल आणि वाटेचा हक्क

"एवढे पैसे घातलेस आणि मागे सस्पेन्शन नाही?" माझी सायकल पाहून पुण्यातले नातेवाईक हेच विचारतात. इथे एडिनबराला ऑफिसातले सहकारीही जवळपास हेच विचारतात. उत्तर द्यायला गेलो की ते सायकलच्या दुकानात सुरू होतं आणि जमिनीच्या कायद्यात जाऊन पोचतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी सायकल काय आहे ते सांगतो. हार्डटेल म्हणजे पुढे सस्पेन्शनचा फोर्क आणि मागे काहीच नाही, मागचं चाक सरळ फ्रेमला. 'ॲग्रेसिव्ह' हा दुकानदारांचा शब्द. त्याचा अर्थ एवढाच की ही सायकल तीव्र उताराच्या, दगड-मुळांच्या वाटांसाठी घडवलेली आहे. माझी फ्रेम स्टीलची आहे. फोर्क १४० मिलिमीटर दबतो, हँडल ७८० मिलिमीटर रुंद आहे, टायर अडीच इंची आहेत आणि सीट हँडलवरच्या खटक्याने खाली-वर होते. नव्वदच्या दशकातल्या माउंटन बाइकच्या पुढच्या नळीचा जमिनीशी कोन साधारण ७१ अंशांचा असायचा. माझ्या सायकलचा ६५ आहे. सहा अंश म्हणजे किरकोळ वाटतं, पण तेवढ्याने पुढचं चाक पुढे सरकतं आणि उतारावर हँडलवरून कोलांटी खायची भीती पुष्कळ कमी होते.

मागे स्प्रिंग नाही, त्यामुळे ते काम गुडघे आणि घोटे करतात. ओल्या मुळावरून चाक गेलं की तळपायाला लगेच कळतं. कुठून जायचं हे आधी ठरवावं लागतं, कारण चुकीच्या दगडावर गेलात तर सायकल सांभाळून घेत नाही. वेग आपोआप बेतात राहतो. आणि इथल्या चिखलात बेअरिंगं भराभर खराब होतात. मागच्या सस्पेन्शनला ती डझनाच्या आसपास असतात, हार्डटेलला तिथे एकही नाही. पाणी मारायचं, चेनला तेल द्यायचं, संपलं काम. किंमतही त्याच दर्जाच्या फुल सस्पेन्शन सायकलपेक्षा बरीच कमी.

गंमत म्हणजे 'हार्डटेल' हा शब्द सायकलीपेक्षा तरुण आहे. मोबाइल आल्यावर घरातला फोन 'लँडलाइन' झाला, तसंच हे. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकली येईपर्यंत सगळ्याच माउंटन बाइक अशा होत्या, त्यांना वेगळं नाव कशाला लागणार?

या सायकलींचं मूळ कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत आहे. सत्तरच्या दशकात तिथली काही पोरं १९३०-४० च्या सुमाराच्या जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली भंगारातून उचलून डोंगरावर न्यायची. फेअरफॅक्स गावाजवळ वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेला एक कच्चा रस्ता होता. साधारण साडेतीन किलोमीटरांत जवळपास ४०० मीटरचा उतार. पॅडल उलटं फिरवून लावायचे ब्रेक त्या उतारावर इतके तापायचे की आतलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर चाकाचा तुंबा उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याचं नाव पडलं 'रीपॅक'. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. चार्ली केली शर्यती भरवायचे. गॅरी फिशर यांचा ४ मिनिटं २२ सेकंदांचा विक्रम कधीच मोडला नाही. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास अशा उतारांसाठी नवी फ्रेम बनवली, ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने 'स्टम्पजंपर' बाजारात आणली आणि हा डोंगरावरचा उद्योग कारखान्यातून विकला जाऊ लागला.

इथवरची गोष्ट सायकलवाले नेहमी सांगतात. पुढची कमी सांगितली जाते.

विक्री वाढली तशी डोंगरावर गर्दी वाढली. पायी चालणारे, घोडेस्वार आणि पर्यावरणवाले वैतागले, आणि त्यांचं सगळंच काही चुकीचं नव्हतं. अरुंद वाटेवर वळणाआडून कोणी भरधाव अंगावर आलं तर कोणीही चिडेल. अमेरिकेच्या १९६४ च्या 'वाइल्डरनेस' कायद्याने राखीव रानांत 'यांत्रिक वाहतूक' बंद केली होती. १९८४ मध्ये वनखात्याच्या नियमाने त्यात सायकलही येते हे स्पष्ट केलं. मॅरिनमध्ये तर अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या आणि पुढे दशकानुदशकं बहुतेक बंदच राहिल्या. रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली, आंधळ्या वळणावर ५ मैलांची, आणि वेग मोजायला रेंजर रडार घेऊन उभे राहू लागले. जिथे ही सायकल जन्मली, तिथेच तिला सगळ्यात कमी वाटा उरल्या. १९८८ मध्ये सायकलस्वारांना वाटांच्या प्रश्नासाठी आंतरराष्ट्रीय संघटना काढावी लागली, ती याच कॅलिफोर्नियात.

ब्रिटनचा इतिहास वेगळ्या बाजूने येतो. इथे भांडण आधी पायी चालणाऱ्यांचं होतं, जमीनदारांशी. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि आसपासचे शेकडो तरुण कामगार किंडर स्काउट या डोंगरावर मुद्दाम, जाहीर करून घुसले. तो डोंगर उमरावांच्या शिकारीसाठी राखलेला होता. पुढारी बेनी रॉथमन, वय वीस, व्यवसायाने मोटार मेकॅनिक. पोलीस रेल्वे स्टेशनवर त्याची वाट पाहत होते आणि हा गडी सायकलवरून आला! पाच जणांना तुरुंगवास झाला, रॉथमनला चार महिने. पण लोकमत फिरलं. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि मोकळ्या रानात जाण्याचा कायदा झाला. १९५१ मध्ये पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते पीक डिस्ट्रिक्ट, म्हणजे किंडर स्काउट जिथे आहे तोच भाग.

सायकलवाले तोवर गप्प बसले नव्हते. १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये 'रफ-स्टफ फेलोशिप' नावाचा क्लब निघाला. साध्या सायकली घेऊन डोंगरातल्या वाटा तुडवायच्या, जमेल तिथे चालवायच्या, नाही तिथे खांद्यावर घ्यायच्या. मग १९६८ चा कंट्रीसाइड कायदा आला. त्याने घोडेवाटांवर सायकल चालवायला परवानगी दिली, आणि त्याच कलमात अट घातली की पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. रीपॅकची पहिली शर्यत व्हायला तेव्हा आठ वर्षं अवकाश होता. यंत्र यायच्या आधी नियम तयार होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अर्थात इंग्लंडमधल्या सार्वजनिक वाटांपैकी घोडेवाटा जेमतेम पाचवा हिस्सा आहेत. बाकीच्या बहुतेक फक्त पायी चालणाऱ्यांच्या.

स्कॉटलंडने त्याही पुढची उडी मारली. इथे जमीन किती थोड्या हातांत आहे ते आधी पाहा: खासगी ग्रामीण जमिनीचा निम्मा भाग पाचशेहून कमी मालकांकडे आहे. १९९९ मध्ये स्कॉटलंडची स्वतःची संसद पुन्हा सुरू झाली आणि २००३ मध्ये तिने जमीनसुधारणा कायदा केला. त्याने प्रत्येकाला बहुतेक सगळ्या जमिनीवर आणि नदी-तळ्यांवर जायचा हक्क दिला: पायी, घोड्यावर, सायकलवर. जमीन कोणाचीही असो. घराभोवतीचं अंगण, उभं पीक, शाळेचं आवार अशा जागा वगळल्या. मोटारीला हक्क नाही. आणि हा हक्क 'जबाबदारीने' वापरला तरच हक्क. त्यासाठी संहिता आहे, तिचं सार तीन ओळींत: दुसऱ्याच्या हिताचा मान ठेवा, निसर्गाची काळजी घ्या, तुमच्या कृतीची जबाबदारी तुमची. २००५ पासून हे लागू आहे. जबाबदारी मालकावरही आहे. हक्काने येणाऱ्याला अडवण्यासाठी त्याने कुंपण घालायचं नाही.

मी एका रविवारी बघितलं, एका इस्टेटीच्या फाटकाला कुलूप होतं. सोबतच्या स्थानिक बाईंनी फोटो काढला आणि घरी जाऊन कौन्सिलच्या प्रवेश-अधिकाऱ्याला मेल केला. आरडाओरडा नाही, फाटकावर चढणं नाही. काही आठवड्यांनी तिथे बाजूला छोटं फाटक बसलं. हक्क कागदावर असला की भांडणाचा आवाज किती खाली येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आता पुन्हा सायकलीकडे. आजची ॲग्रेसिव्ह हार्डटेल मॅरिनच्या कोरड्या रस्त्यावर नाही घडली. ती घडली ओल्या देशांत. कॅनडात व्हँकुव्हरच्या नॉर्थ शोअरवर पावसाळी जंगलात लोकांनी लाकडी पूल आणि उड्या बांधल्या, त्यावर साध्या फ्रेमी मोडायला लागल्या. २००३ मध्ये व्हिस्लरला क्रोमॅग निघाली ती दणकट स्टीलच्या हार्डटेलसाठी. ब्रिटनमध्ये ऑन-वनची '४५६' आली. नावाचा अर्थ चार, पाच किंवा सहा इंचांचा फोर्क लावा. वाट बदलली तशी सायकल बदलली. आणि वाट कुठे, कशी असेल हे ठरवलं कायद्याने आणि वाट बांधणाऱ्या हातांनी.

माझ्या घरापासून तासाभरावर ट्वीड नदीचं खोरं आहे. ग्लेनट्रेसला सरकारी वनखात्याने आखलेल्या, रंगांनी दर्जा दाखवणाऱ्या सायकलवाटा आहेत. पलीकडे इनरलिथनला गोल्फ मैदानाच्या वरच्या जंगलात स्थानिकांनी फावड्याने कोरलेल्या अरुंद, उभ्या वाटा आहेत. पाऊस पडून गेला की तिथली स्प्रूसची मुळं साबण लावल्यासारखी होतात. मी वरून निघतो तेव्हा सीट खाली, टाचा खाली, नजर दोन झाडं पुढे. खाली पोचेपर्यंत मांड्या थरथरत असतात.

पण एक बारीक मुद्दा आहे, आणि सगळा इतिहास त्यात येतो. कायदा चालवायचा हक्क देतो, *बांधायचा* नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर वाट कोरणं हक्कात बसत नाही. म्हणून इथल्या स्वारांनी संघटना केली, जमीनमालकांशी बोलणी केली, वाटांची देखभाल अंगावर घेतली. नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन वादळाने या खोऱ्यात झाडांचे सडे पाडले, वाटा गडप झाल्या. त्या परत उघडायला स्वयंसेवकांचे कितीतरी शनिवार-रविवार गेले. मीही अधूनमधून फावडं घेऊन जातो. मुख्य काम काय, तर पाणी वाटेवरून बाजूला काढणं. वाट कशाने सगळ्यात जास्त खणली जाते? वाहत्या पाण्याने. हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

हे सगळं मराठीत का लिहितोय? कारण किंडर स्काउटच्या दोन वर्षं आधी, त्याच साम्राज्यात, आपल्याकडे माणसं जंगलात घुसली होती. १९२७ च्या वनकायद्याने राखीव जंगलात विनापरवाना शिरणं हाच गुन्हा ठरवला आहे. १९३० मध्ये बिळाशीला, पुसदला, चिरनेरला जंगल सत्याग्रह झाले. चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार झाला, माणसं मेली. तो लढा गवताचा आणि सरपणाचा होता, पोटाचा होता. माझी सायकल हौस आहे. दोन्ही एका पारड्यात मी घालणार नाही. पण मँचेस्टरच्या पोरांच्या तुरुंगवासातून पुढे कायदा बदलला, आणि आपल्याकडे १९२७ चा कायदा आजही लागू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना आणि पारंपरिक वननिवासींना हक्क मान्य केले, ते योग्यच आणि उशिरा झालं. बाकी सामान्य माणूस डोंगरावर जातो तो हक्काने नाही, चालवून घेतलं म्हणून जातो.

पुण्यात वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या प्रस्तावित रस्त्याविरुद्ध नागरिक वर्षानुवर्षं लढताहेत. माझा त्यांना पूर्ण पाठिंबा आहे. त्याच टेकडीप्रेमींत अधूनमधून वाद निघतो की सायकलवाल्यांना वर येऊच देऊ नये. चालणाऱ्यांची तक्रार खरी असते, म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतात. पण बंदी घालून मॅरिनचं काय झालं ते वर लिहिलंच आहे: दशकं उलटली, भांडण मिटलेलं नाही. १९६८ च्या त्या एका अटीने जास्त काम केलं. वाट सगळ्यांची, पण चाकाने पायाला आधी जाऊ द्यायचं.

मला टेकडीवर सायकलची मुभा मागायची नाही. मला हवाय तो लिहिलेला हक्क: टेकडीवर पायी जाण्याचा, सगळ्यांचा, जबाबदारीच्या अटीसह. तो असता तर रस्ता आखणाऱ्यांना आधी लोकांचा हक्क ओलांडावा लागला असता, नुसती झाडं मोजून भागलं नसतं. सायकलचं नंतर बघू. ज्याला हक्क हवा त्याने आधी पावसाळ्यात फावडं घेऊन वर यावं आणि वाटेवरचं पाणी काढून द्यावं.

तुमच्या गावात टेकडी, तळं, नदीकाठ असेल तर एक काम करा. तिथे जायचा तुम्हाला हक्क आहे की फक्त सवय आहे, ते शोधून काढा आणि खाली लिहा. खरंच वाचायचंय.