पंधरांतले आठ रुपये

गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापुरात शिकत होते, तेव्हा त्यांचे थोरले बंधू गोविंदराव यांचा पगार महिना १५ रुपये होता. त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाला पाठवत आणि उरलेल्या ७ रुपयांत आपला संसार चालवत. वडील १८७९ मध्येच गेले होते. हा हिशेब गोखल्यांच्या बहुतेक चरित्रांत येतो. भावाच्या त्यागाचे कौतुक होते आणि लेखक पुढे जातो. मला मात्र पुढचा प्रश्न सुटत नाही. हे आठ रुपये फिटले कसे?

गेली काही वर्षे मी पेण-रोहा भागातल्या मुलांच्या शिक्षणाचा इतिहास जमेल तसा गोळा करतो आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते वाचनालयांतून आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलून. या भागातल्या मुलाला पूर्वी कॉलेज करायचे तर धरमतरच्या बंदरावरून मुंबई गाठावी लागे, नाहीतर घाट चढून पुणे. तिथे खोली कुणाची, जेवण कुणाकडे, पुस्तके कुठून, हे प्रश्न अभ्यासाच्या आधी उभे राहत. वारावर जेवणे आणि माधुकरी मागणे हे त्या काळचे अर्धे विद्यापीठ होते. म्हणजे प्रत्येक पदवीधराच्या मागे कुणाची तरी उष्टी-खरकटी काढणारी माउली, कुणाचे तरी आठ रुपये असत.

रोह्याचे सर्वांत नाव झालेले विद्यार्थी म्हणजे चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६, महाड तालुक्यातले नाते गाव. वडील द्वारकानाथ रोह्याला वकिली करत. १९१२ च्या मॅट्रिकला चिंतामणराव मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. नाना शंकरशेट १८६५ मध्येच वारले होते. म्हणजे ज्याच्या नावाचे पैसे घेतले, त्याला ते परत करायची सोयच नव्हती. आपल्याकडे ऋषिऋणाची कल्पना नेमकी हीच आहे. गुरूचे देणे गुरूला परत करायचे नसते. ते पुढच्या शिष्याला द्यायचे असते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. देशभरातल्या विद्यापीठांच्या पैशांची वाट त्यांच्या टेबलावरून जाऊ लागली. आज रोह्याच्या कॉलेजला त्यांचे नाव आहे.

पण चिंतामणराव तेव्हा साठीला आले होते. मोठे होऊन, स्थिरावून, मग देणे ही एक रीत झाली. महाराष्ट्रात दुसरी एक रीत होती आणि ती तरुणांची होती. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टनच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. दादाभाई नौरोजी त्यात पुढे होते. तेव्हा ते विशीत होते. पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सुरुवातीला स्वतः विनावेतन शिकवले. त्यांच्याकडे पैसा नव्हता. नुकतेच शिकलेले मात्र ताजे होते, आणि तेच त्यांनी दिले.

हीच रीत पुण्यात १८८० मध्ये पक्की झाली. २ जानेवारीला न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकर तिशीच्या आत होते आणि टिळक २३ वर्षांचे. एम.ए. करून आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. आजीव सदस्याने वीस वर्षे सेवा द्यायची, पगार ७५ रुपये, हा दंडक ठरला. ही मुले सरकारी कॉलेजांत शिकलेली होती. त्यांनी आपल्या जुन्या कॉलेजला देणगी दिली नाही. आपल्यामागून येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी नवे कॉलेज उभे केले.

गोखले जानेवारी १८८५ मध्ये याच शाळेत ३५ रुपयांवर शिक्षक म्हणून लागले. वय अजून एकोणीसही नव्हते. सरकारी नोकरी किंवा वकिली त्यांना अवघड नव्हती. पुढे त्यांनी सुट्यांत गावोगाव हिंडून कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा केली आणि १९०२ पर्यंत संस्थेत राहिले. भावाचे आठ रुपये फिटले ते असे. गोविंदरावांनी कधी तोंड न पाहिलेल्या हजारो मुलांच्या खात्यावर.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. १८९० च्या अखेरीस टिळक संस्थेतून बाहेर पडले. सदस्यांनी बाहेरची मिळकत आणि बाहेरची कामे करावीत का, हा भांडणाचा एक मोठा मुद्दा होता. टिळकांना संपूर्ण वाहून घेणे हवे होते. इतरांपैकी अनेकांना प्रपंच दिसत होता. तरुणाकडून किती मागावे, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यापुढे आहे. टिळकांच्या जागी १८९१ मध्ये गणित शिकवायला आले ते धोंडो केशव कर्वे. त्यांच्याकडे या प्रश्नाचे एक साधे उत्तर होते. आपल्या कमाईतला ठरावीक, लहानसा भाग बाजूला काढायचा आणि गावाच्या कामाला लावायचा. त्यातून मुरुड फंड झाला. (हे मुरुड दापोलीजवळचे; आमच्या जिल्ह्यातले जंजिऱ्याचे मुरुड वेगळे.) थोडे, पण नेमाने. सगळे आयुष्य मागितले तर दहा जण येतात. रुपयातला थोडा भाग मागितला तर शंभर येतात.

आमच्या जिल्ह्याशी जोडलेली सर्वांत मोठी परतफेड मात्र डॉ. आंबेडकरांची. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. करार लेखी होता: परत येऊन दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी. १९१७ मध्ये ते बडोद्यास गेलेही. पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळू दिली गेली नाही आणि ते मुंबईला परतले. कागदावरचा करार तिथेच मोडला. खरे देणे त्यांनी दुसरीकडे फेडले. जुलै १९२४ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ मध्ये सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा, म्हणजे मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय त्याच्या दोन वर्षे आधीची. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. आपण कशाला मुकलो होतो, हे ज्याला आठवते त्यालाच अशी वेळ सुचते.

येथे एक कडू सत्यही नोंदवले पाहिजे. आपल्याकडचे पुष्कळसे विद्यार्थी-फंड आणि वसतिगृहे एकेका जातीची होती. ज्या काळी दुसऱ्याच्या पंगतीला बसता येत नव्हते, त्या काळी त्यांनी अनेकांना तारले. पण ज्यांच्या जातीत कुणी शिकलेलाच नव्हता, त्यांच्यासाठी मागे वळून पाहणार कोण? पेण तालुक्यातल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांना हा प्रश्न आजही लागू आहे. पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेली विद्यार्थी सहायक समिती मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. खेड्यातल्या गरजू मुलांना राहण्या-जेवण्याची सोय मिळाली, सोबत काम करून शिकण्याची शिस्त आली, आणि शिकून गेलेली मुले पुढे समितीलाच हातभार लावू लागली.

आता पेणला आणि रोह्याला कॉलेजे आहेत. १९८६ पासून रोह्यापर्यंत रेल्वे आहे. वारावर जेवायची वेळ कुणावर येत नाही. पण रेल्वेचा पास, परीक्षेची फी, शिष्यवृत्ती खात्यात येईपर्यंतचे महिने, आणि ‘पुढे काय करू’ हे विचारायला घरात कुणी नसणे, हे सगळे तसेच आहे. यांपैकी बहुतेक अडचणींना कोट्यधीश लागत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच बाकावरून उठून नोकरीला लागलेला मुलगा किंवा मुलगी पुरते. कोणता अर्ज कधी भरायचा, कोणते पुस्तक विकत न घेता चालते, मुलाखतीला काय विचारतात, हे साठीच्या देणगीदाराला ठाऊक नसते. पंचविशीतल्या माजी विद्यार्थ्याला ते कालचेच असते. वीस वर्षांनी तोही ते विसरलेला असेल.

गोविंदरावांनी पंधरातले आठ दिले, म्हणजे निम्म्याहून अधिक. आजच्या तरुणाकडे तेवढे कुणी मागत नाही. मात्र आपल्या वाट्याचे आठ रुपये कुणी दिले होते, हे प्रत्येकाने एकदा घरी विचारून पाहावे. बहुतेक घरांत उत्तर सांगणारे माणूस अजून हयात असते.