लोकल फंडापासून पेसापर्यंत : अकोले तालुक्याचे आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेला अकोले तालुका सह्याद्रीच्या कुशीत वसलेला असून 1,646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखर याच तालुक्याच्या हद्दीवर उभे आहे. घाटघरच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे 5,000 मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडील गावांना जेमतेम काही शे मिलिमीटरवर भागवावे लागते. 2011 च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या सुमारे 2 लाख 92 हजार असून तीत महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी समाजांचा वाटा जवळजवळ निम्मा आहे. डोंगर, पाऊस आणि दारिद्र्य एकत्र आलेल्या अशा मुलखात सार्वजनिक आरोग्याची, म्हणजे औषधोपचाराबरोबरच शुद्ध पाणी, लसीकरण, जन्ममृत्यूची नोंद आणि साथींचा बंदोबस्त या सर्वांची, जबाबदारी नेमकी कोणाची, या प्रश्नाला गेल्या दीडशे वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली गेली.

मुंबई इलाख्यात ग्रामीण भागासाठी स्वतंत्र निधीची सोय 1869 च्या लोकल फंड कायद्याने झाली. या कायद्यान्वये जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा उपकर बसवण्यात आला आणि त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी, तर उरलेला रस्ते, विहिरी, धर्मशाळा यांसारख्या स्थानिक कामांसाठी ठेवण्यात आला. आरोग्यासाठी वेगळा वाटा नव्हता आणि दवाखान्याला जे मिळे ते कामांच्या रकमेतूनच मिळे. उपकर महसुलाशी बांधलेला असल्यामुळे काळ्या जमिनीच्या तालुक्यात तो भरघोस जमा होई, परंतु नाचणी-वरई पिकवणाऱ्या वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या, जमिनीवरील आकारणीच कमी असल्याने अकोल्यासारख्या तालुक्याची त्यात भर ती किती पडणार? जेथे गरज मोठी तेथे उत्पन्न तोकडे, ही विसंगती या व्यवस्थेच्या पायातच होती आणि पुढील सुधारणांनी ती झाकली, काढली मात्र नाही.

लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या स्थानिक स्वराज्यविषयक ठरावानंतर 1884 च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे अस्तित्वात आली. त्यांत काही सभासद निवडून येत असले तरी जिल्हा बोर्डाच्या अध्यक्षपदी कलेक्टर आणि तालुका बोर्डाच्या अध्यक्षपदी प्रांत अधिकारी बसत असल्यामुळे स्वराज्य हा शब्द कागदापुरताच राहिला. गावात सरकारी आरोग्ययंत्रणेचा जो एकमेव माणूस पोहोचे तो देवी टोचणारा. त्याच्या कामावर देखरेख सरकारी सॅनिटरी खात्याची, तर त्याच्या पगाराचा भार बऱ्याच अंशी स्थानिक निधीवर, अशी विभागणी होती. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आल्यावर सरकारने 1897 चा साथरोग कायदा करून सर्व निर्णायक अधिकार आपल्या हाती घेतले, आणि संकटाच्या वेळी स्थानिक संस्थेला बाजूला सारून कलेक्टरच्या हुकमाने कारभार हाकण्याची जी पद्धत तेव्हा रुळली ती तोच कायदा वापरून 2020 च्या कोविड साथीतही दिसून आली. 1919 च्या सुधारणांनी आरोग्य व स्थानिक स्वराज्य ही दोन्ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपवली, 1923 च्या कायद्याने बोर्डांतील निवडणुकीचे तत्त्व विस्तारले, तथापि 1938 मध्ये तालुका बोर्डेच रद्द झाल्याने अकोल्याचा कारभार पुन्हा नगरहून चालू लागला.

नाशिकात जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1946 मध्ये प्रतिबंध आणि उपचार यांची सांगड घालणारे प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवले आणि पहिल्या टप्प्यात 40,000 लोकसंख्येमागे एक केंद्र असावे असे म्हटले. हे केंद्र कोणाच्या ताब्यात असावे याचा निकाल महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून लागला. बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये गट, म्हणजे तालुक्याच्या आसपासचे विकासक्षेत्र, हा विकेंद्रीकरणाचा कणा मानला होता, परंतु नाईक समितीने जिल्ह्याला पसंती दिली आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा कार्यान्वित झाल्या. सबळ जिल्हा परिषद हे महाराष्ट्राचे भूषण मानले जाते आणि ते रास्तही आहे. मात्र क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या जिल्ह्यात, मुख्यालयापासून शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या अकोल्याच्या पंचायत समितीकडे शिफारस करणारी संस्था एवढीच भूमिका उरली.

त्यातच अधिकारांची एक चमत्कारिक फाळणी झाली. तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि त्यांची उपकेंद्रे जिल्हा परिषदेची, तर अकोले व राजूर येथील ग्रामीण रुग्णालये राज्यशासनाची, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतील. केंद्रातील परिचारिका जिल्हा परिषदेची कर्मचारी, परंतु तिच्या वरचा वैद्यकीय अधिकारी राज्यसेवेतील असल्याने त्याची नेमणूक आणि बदली मुंबईहून होते. डॉक्टर नाही म्हणून गाव जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीच्या सभापतीला जाब विचारते, पण डॉक्टर देणे सभापतीच्या हाती नसते.

याउलट गावपातळीवर ग्रामपंचायतीची जबाबदारी अगदी काटेकोर आहे. टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करण्याची ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायतीने विकत घ्यायची. तीत क्लोरीनचे प्रमाण 33 टक्क्यांच्या आसपास असेल तर हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम या हिशेबाने जलसुरक्षकाने ती टाकीत मिसळायची. आरोग्य कर्मचाऱ्याने ओटी चाचणी, म्हणजे द्रावणाच्या पिवळ्या रंगावरून उरलेला क्लोरीन ओळखण्याची तपासणी, करून नमुने प्रयोगशाळेत धाडायचे आणि स्रोताच्या पाहणीनंतर ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड द्यायचे, अशी ही पद्धत आहे. लाल कार्ड सरपंचाच्या हाती पडते. परंतु डोंगरातल्या वाडीला नळच नसून झऱ्यावरून पाणी आणावे लागत असेल, तर पावडर कोठे टाकायची हे कार्ड सांगत नाही.

लोकांच्या हाती आरोग्य देता येते याचा दाखला याच जिल्ह्यात जामखेडला होता, जेथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून निरक्षर स्त्रियांना ग्राम आरोग्य सेविका म्हणून घडवले. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सरकारी व्यवस्थेने हा धडा सावकाश घेतला. मेळघाटातील बालमृत्यूंनंतर 1995 मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली आणि पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांत धान्य व औषधे आधीच पोहोचवणे, भरारी पथक म्हणजे फिरते वैद्यकीय पथक नेमणे, या बाबी नियमित झाल्या. दरम्यान 73 व्या घटनादुरुस्तीच्या अकराव्या अनुसूचीत रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रांसह आरोग्य हा विषय पंचायतींच्या यादीत आला होता. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगावी आशा, म्हणजे गावातल्याच आरोग्य स्वयंसेविका, आणल्या आणि उपकेंद्राच्या वार्षिक 10,000 रुपयांच्या अबंध, म्हणजे कोणत्याही एका बाबीला न जखडलेल्या, निधीसाठी परिचारिका व सरपंच यांचे संयुक्त खाते उघडले. रक्कम क्षुल्लक वाटते. तरीही आरोग्याच्या पैशावर सरपंचाची सही अपरिहार्य करणारी ही तरतूद शंभर ठरावांपेक्षा मोलाची होती.

तालुक्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडत असल्याने तेथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे. या कायद्याने ग्रामसभेला, म्हणजे गावातील सर्व मतदारांच्या सभेला, विशेष अधिकार दिले. त्याचे राज्याचे नियम 2014 मध्ये आले आणि 2015 पासून आदिवासी उपयोजनेच्या 5 टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना मिळू लागला. या निधीच्या खर्चाच्या बाबींत आरोग्य, स्वच्छता व शिक्षण यांना जागा असल्यामुळे 1869 च्या उपकराने ज्या वाड्यांना त्यांच्या गरिबीमुळेच वगळले होते, त्यांना लोकसंख्येच्या आधारावर हक्काचा पैसा प्रथमच मिळाला. अकोल्याच्या आरोग्यकारभारात झालेली ही सर्वांत खरी सुधारणा म्हटली पाहिजे.

पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी देशभरातील स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यासाठी 70,051 कोटी रुपयांची शिफारस केली. मार्च 2022 मध्ये मात्र नगर जिल्हा परिषदेची मुदत संपली, वेळेवर निवडणूक झाली नाही, आणि आरोग्य समितीसह सर्व समित्यांचे अधिकार प्रशासक म्हणून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे गेले.