नाताळचे मूळ आणि ‘मुळात’चा मोह

डिसेंबर उजाडला की वर्गात एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, नाताळ हा मुळात सूर्याचा सण ना? ख्रिश्चनांनी तो नंतर आपलासा केला.” प्रश्नामागे वाचन असते, म्हणून तो ऐकून बरेही वाटते. मात्र त्यातील ‘मुळात’ हा शब्द मला अस्वस्थ करतो. मूळ सापडले की अर्थ सापडला आणि मूळ परके निघाले की सण खोटा ठरला, असा निवाडा हा शब्द आपल्याकडून नकळत करवून घेतो. साहित्याच्या अभ्यासकाने तो तपासल्याशिवाय स्वीकारू नये.

सुरुवात शब्दापासूनच करू. मराठीतील ‘नाताळ’ पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला आणि ‘नाताल’ लॅटिन ‘नातालिस’वरून, म्हणजे ‘जन्माचा (दिवस)’. १४९७ च्या नाताळच्या सुमारास वास्को द गामाची गलबते आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यावरून गेली, त्याला त्याने ‘नाताल’ असेच नाव दिले. पुढच्या वर्षी तो कालिकतला पोहोचला आणि पोर्तुगीजांमागून हा शब्द आपल्या पश्चिम किनाऱ्यावर रुजला.

परंतु गंमत अशी की, आरंभीच्या ख्रिस्ती समाजात ‘नातालिस’ हा शब्द बहुधा मृत्युदिनासाठी वापरला जाई. हुतात्मा ज्या दिवशी मरण पावला, तोच त्याचा स्वर्गातील जन्मदिवस, अशी ती भावना होती. ऐहिक जन्मदिवसाचे त्यांना कौतुक नव्हते. तिसऱ्या शतकातील धर्मपंडित ओरिजेन तर असे सांगतो की, पवित्र शास्त्रात वाढदिवस साजरे करतात ते फारो आणि हेरोद यांच्यासारखे पापी लोक. चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान येशूच्या जन्माची कथा सांगत नाहीत. मत्तय आणि लूक ती सांगतात, पण तारीख देत नाहीत.

मग २५ डिसेंबर आला कोठून? याचा सर्वांत जुना निःसंदिग्ध पुरावा म्हणजे एका श्रीमंत रोमन ख्रिस्ती गृहस्थासाठी फिलोकालस नावाच्या सुलेखनकाराने ३५४ साली सिद्ध केलेला पंचांगवजा ग्रंथ. त्यातील हुतात्म्यांच्या यादीच्या आरंभी २५ डिसेंबरला बेथलेहेम येथे ख्रिस्तजन्म झाल्याची नोंद आहे. ही यादी ३३६ च्या सुमाराची मानली जाते. त्याच ग्रंथातील नागरी पंचांगात त्याच तारखेपुढे ‘अजिंक्याचा जन्मदिन’ अशी नोंद असून त्या दिवशीच्या तीस रथशर्यतींचा उल्लेख आहे. हा अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे ज्या पुराव्यावर सूर्याचा दावा उभा आहे, त्याच पुराव्यावर ख्रिस्ताचाही उभा आहे. सम्राट ऑरेलियनने २७४ साली रोममध्ये अजिंक्य सूर्याचे भव्य मंदिर उभारले हे खरे. पण २५ डिसेंबर हा दिवस त्यानेच नेमला, असे सांगणारा समकालीन पुरावा नाही.

दुसरी उपपत्ती गणिताची आहे. ख्रिस्ताचे मरण २५ मार्चला झाले, ही समजूत इसवी सन २०० च्या सुमारास तेर्तुलियनच्या लेखनात आढळते. महापुरुषाचा गर्भप्रवेश आणि मृत्यू एकाच तिथीला, असा संकेत मानला की नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर येतो. ऑगस्टीनने ही सांगड स्पष्ट शब्दांत घातली आहे. दोन्ही उपपत्तींचे समर्थक आजही आहेत, आणि त्या परस्परांना पूर्णतः छेदतात असेही नाही. सामान्य माणसाला तर त्यांत विरोध जाणवतच नव्हता. पाचव्या शतकात पोप लिओ तक्रार करतो की, संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्या चढून गेल्यावर काही ख्रिस्ती लोक मागे वळून उगवत्या सूर्यापुढे मान लववतात आणि मगच आत जातात. सण कसे घडतात, हे या पायरीवर जितके दिसते तितके पंचांगात दिसत नाही.

चालीरीतींचेही तसेच. १७ डिसेंबरला सुरू होणाऱ्या रोमन सॅटर्नालियात मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या भेट देत, मालक गुलामांना जेवू घालत. नाताळच्या भेटवस्तूंशी याचे साम्य उघड आहे, पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. गव्हाणीजवळचे बैल आणि गाढव शुभवर्तमानात नाहीत; ते यशया संदेष्ट्याच्या वचनातून पुढच्या परंपरेत आले. १२२३ साली संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेचो गावी खरे बैल, खरे गाढव आणि खरे गवत आणून जन्माचा देखावा उभा केला. त्याचा चरित्रकार सांगतो की, लोकांनी ते गवत जपून ठेवले आणि आजारी जनावरांना गुण यावा म्हणून खाऊ घातले. कृषिसंस्कृतीत वाढलेल्या वाचकाला याहून अधिक भाष्याची गरज नाही.

‘मुळात’चा युक्तिवाद केवळ पंडिती राहत नाही, हे सतराव्या शतकात दिसले. नाताळला शास्त्राधार नाही, तो मूर्तिपूजकांचा अवशेष आहे, अशी प्युरिटन पंथीयांची भूमिका होती. इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्ये हा सण रद्द केला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी कँटरबरीत दुकाने उघडी ठेवणाऱ्यांविरुद्ध दंगल झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. मुळाची शुद्धता जपायची म्हणून सण पाळणाऱ्यांनाच शिक्षा झाली.

आपल्याकडची कथा याहून अवघड आहे. गोव्यात हा शब्द आला तो सत्तेबरोबर. १५६७ मध्ये साष्टीतील मंदिरे पाडली गेली, हे विसरून नाताळच्या गोडव्याविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्याच साष्टीतील रायतूर येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आहे. नवख्रिस्ती श्रोत्यांना त्यांची पुराणे हवी होती. त्यांच्या जागी हे पुराण आले. जुने ग्रंथ हिरावले गेले, पण ओवी हिरावता आली नाही. ख्रिस्तजन्म तिच्यातून सांगावा लागला. आज गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळला कुस्वार वाटतात. त्यात दोदोल असतो आणि आपल्या करंजीची सख्खी बहीण नेवरीही असते. दारावरचा कागदी तारा दिवाळीच्या आकाशकंदिलाची आठवण करून देतो.

रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले. त्यामुळे वारकऱ्यांचा विठ्ठल खोटा ठरला नाही. उलट तो किती जणांचा आहे, हे कळले. हाच न्याय आपण नाताळला लावणार की नाही, हा खरा प्रश्न आहे. मुळाचा शोध घ्यावा, कसून घ्यावा, त्यातली सक्तीही झाकू नये. परंतु त्या शोधाच्या बळावर शेजाऱ्याच्या दारातला तारा परका ठरवण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

यंदा तो प्रश्न पुन्हा येईल. तेव्हा “मुळात काय होते?” एवढ्यावर न थांबता “पुढे काय झाले?” हेही विचारावे, असे मी विद्यार्थ्याला सांगणार आहे.