आघात, मराठी भाषेतील

बोलताना शब्दातील एखादे अक्षर अधिक जोराने, उंच स्वरात किंवा लांबवून उच्चारल्याने उठून दिसते, त्यास आघात म्हणतात. जोरावर भर असल्यास तो बलाघात, स्वराच्या उंचीवर असल्यास स्वराघात होय. वैदिक भाषेत स्वराघात होता व तो अर्थभेदक होता. ‘इंद्रशत्रु’ या समासात आद्य अक्षर उदात्त असल्यास ‘इंद्र ज्याचा मारक आहे तो’, अंत्य अक्षर उदात्त असल्यास ‘इंद्राचा मारक’ असा अर्थ होतो. वेदपठणात हे स्वर टिकले. बोलण्यातून मात्र ते लोपले.

त्यांचा काही अंश मराठीत उरला काय, हा जुना वाद आहे. पिशेल यांनी माहाराष्ट्री प्राकृतातील स्वरबदल वैदिक आघाताशी जोडले. याकोबी यांना ते मान्य नव्हते. १९१६ मध्ये राल्फ टर्नर यांनी हा वारसा मराठीपर्यंत आणून भिडविला. झ्यूल ब्लॉक यांनी तो स्वीकारला नाही.

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (राजगड) या तालुक्यांतील नित्याचे शब्द येथे उपयोगी पडतात. ‘मावळ’ मधील ‘व’चा अकार स्पष्ट ऐकू येतो, ‘मावळा’ म्हणताच तो गळून ‘माव्‌ळा’ होते. ‘तोरणा’ही ‘तोर्‌णा’ असाच ऐकू येतो. म्हणजे अकाराचे राहणे-जाणे पुढील अक्षरावर अवलंबून आहे. ‘पूल–पुलावर’, ‘मोहीम–मोहिमेवर’, ‘जमीन–जमिनीत’ ही रूपे तर अधिक बोलकी आहेत. हे शब्द फार्सी-अरबीतून आलेले; त्यांना वैदिक आघात असणे शक्यच नाही, तरी ऱ्हस्वत्वाचा नियम ते निमूटपणे पाळतात. निदान आजचा हा नियम लयीचा आहे, वारशाचा नव्हे.

जुन्या कागदांची साक्ष येथे तोकडी पडते. भोर तालुक्यातील कारीच्या जेधे देशमुखांची शकावली टर्नर यांच्या लेखाच्याच वर्षी, १९१६ मध्ये, लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली, हा केवळ योगायोग. इतिहासाला अमोल असे हे दप्तर उच्चाराबाबत मुके आहे. कारण मोडी लिपीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सहसा पाळला जात नसे.

मराठीत आघाताची जागा बदलल्याने शब्दार्थ बदलत नाही. वाक्यात मात्र स्वराची चढउतार कामास येते : ‘तो भोरला गेला’ हे विधान अखेरीस स्वर चढविताच प्रश्न होते. एखाद्या शब्दावर भर द्यावयाचा तर मराठी भाषिक बहुधा आवाजाच्या जोडीस ‘च’ किंवा ‘ही’ घेतो व ‘भोरलाच’ म्हणतो.