जॅकवर उचललेलं शहर

अमेरिकेत एक्स्चेंज प्रोग्रॅमवर आलेला विद्यार्थी शिकागोच्या आसपास राहत असला, तर मोकळा शनिवार मिळताच डाउनटाउन गाठतो. ब्राउन लाइनची गाडी लोखंडी खांबांवरून खडखडत नदी ओलांडते आणि इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांना घासून जात असल्यासारखी चौकोनी फेरी मारते. वेल्स, लेक, वॉबॅश, व्हॅन ब्यूरन या चार रस्त्यांवरचा हा उन्नत मार्ग १८९७ साली पूर्ण झाला. लूप म्हणतात तो हाच. जिना उतरून रस्त्यावर आलं की पाहुण्याची मान आपोआप वर जाते. विलिस टॉवरच १,४५० फूट उंच आहे, मग दुसरं काय होणार?

पण या भागाचा इतिहास समजून घ्यायचा तर नजर खाली हवी. इथल्या रस्त्यांची आणि बागांची बरीचशी जमीन माणसांनी केलेली आहे, आणि कशासाठी केली, हे शिकागोच्या गगनचुंबी इमारतींहून जास्त सांगण्याजोगं आहे.

१८३७ साली शहराचा दर्जा मिळालेलं शिकागो मिशिगन सरोवराच्या काठी, पाण्याच्या पातळीपेक्षा जेमतेम वर वसलेलं होतं. खाली घट्ट चिकणमाती, वर दलदल. पाऊस झाला की गाड्यांची चाकं चिखलात रुतायची. सांडपाण्याला वाहून जायला उतारच नव्हता. १८५४ मध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली आणि पुढच्याच वर्षी नगरपालिकेने बॉस्टनहून एलिस चेस्ब्रो या इंजिनिअरला बोलावलं. जमिनीखाली गटारं घातली तर त्यांना उतार मिळत नव्हता, म्हणून त्याने ती रस्त्यावरच घालायची ठरवली. नळ रस्त्यावर टाकायचे, त्यावर भराव घालायचा आणि त्या भरावावर नवा रस्ता बांधायचा. नदीचा तळ उपसून निघालेला गाळही या भरावात गेला.

रस्ते वर गेले, दुकानांचे दरवाजे मात्र होते तिथेच खाली राहिले.

मग इमारतीच उचलायच्या ठरल्या. १८५८ च्या जानेवारीत रॅन्डॉल्फ आणि डिअरबॉर्न रस्त्यांच्या कोपऱ्यावरची चार मजली विटांची इमारत २०० जॅकवर सहा फूट दोन इंच वर घेतली, तेव्हा तिच्या भिंतीला तडा गेला नाही. धीर वाढला. १८६० मध्ये लेक स्ट्रीटवरची अख्खी ओळ उचलायला घेतली. तीनशेवीस फूट लांब, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या चार-पाच मजली दुकानांची ती रांग होती. पायाखाली जाडजूड तुळया सरकवल्या आणि तुळयांखाली सहा हजार स्क्रू-जॅक बसवले. कामावर सहाशे माणसं होती, म्हणजे माणशी दहा जॅक. इशारा झाला की प्रत्येकाने आपल्या दहाही जॅकना ठरलेला तेवढाच पीळ द्यायचा आणि पुढच्या इशाऱ्याची वाट पाहायची. एकाने घाई केली असती किंवा एक मागे राहिला असता, तर भिंत चिरली असती. पाच दिवसांत सगळी ओळ चार फूट आठ इंच वर आली. खाली गवंडी नवा पाया रचत होते आणि वर दुकानांत गिऱ्हाइकी चालू होती. या कामातल्या कंत्राटदारांपैकी एक जॉर्ज पुलमन, पुढे रेल्वेच्या शयनयान डब्यांमुळे जगभर गाजलेला. इतिहासाने त्याचं नाव जपलं; त्या सहाशे माणसांची नावं कुठेच लागलेली नाहीत, ही खंत वाटते. त्यांच्या हातांमध्ये जी एकतानता होती, ती क्वचितच पाहायला मिळते.

हे काम सगळीकडे एकदम झालं नाही. कोणी इमारत उचलली, कोणी पुढच्या साली उचलू म्हणाला. त्यामुळे कित्येक वर्षं लोक फुटपाथवरून चालताना दर दुकानापाशी जिने चढत-उतरत होते. लाकडी घरांना उचलण्याइतकी किंमत नव्हती. ती ओंडक्यांवर ठेवून सरळ शहराबाहेर ओढून नेली.

आणि मग ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री आग लागली. १० तारखेपर्यंत या मेहनतीची राखरांगोळी झाली. सुमारे तीनशे माणसं गेली, लाखभर बेघर झाली. विटा, दगड, वितळलेलं लोखंड असा सारा ढिगारा गाड्या भरभरून सरोवरात लोटला गेला. तेव्हा मिशिगन अॅव्हेन्यूपर्यंत पाणी होतं. आज त्या रस्त्याच्या पूर्वेला ग्रँट पार्कची हिरवळ आहे, आणि तिच्या काही भागाखाली जळलेलं शिकागो पुरलेलं आहे.

त्याच भरावावर आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयाची इमारत उभी आहे. मराठी विद्यार्थ्याने इथे थोडं रेंगाळावं. ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्मपरिषद इथेच सुरू झाली आणि स्वामी विवेकानंद इथेच बोलले. ब्राह्मो समाजातर्फे आलेले मुंबईचे बी. बी. नगरकर आणि जैनांतर्फे आलेले, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले वीरचंद गांधीही त्या व्यासपीठावर होते. त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही. २०१० साली मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी इथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर विवेकानंदांच्या त्या भाषणाची अक्षरं दिव्यांनी उजळवली होती. पाहणाऱ्याला पायरी-पायरीने चढतच भाषण वाचावं लागत होतं.

तिथून जॅक्सन आणि डिअरबॉर्नच्या चौकातली मोनॅडनॉक इमारत पायी चालण्याइतकी जवळ आहे. १८९१ साली बांधलेला तिचा उत्तरेकडचा भाग सोळा मजल्यांचा, आणि सगळा भार विटांच्या भिंतींवर. तळाशी भिंत सहा फूट जाड आहे. खिडकीच्या कोनाड्यात हात घातला की तो आतच जात राहतो. खालच्या चिकणमातीत इमारत आठ इंच खचणार, हे हिशेबात धरलं होतं. प्रत्यक्षात ती त्याहून बरीच जास्त खचली. दोनच वर्षांनी बांधलेला दक्षिणेकडचा भाग मात्र पोलादी सांगाड्यावर आहे. एकाच इमारतीत एका बांधकामपद्धतीचा शेवट आणि दुसरीची सुरुवात अशी शेजारी-शेजारी दिसते, आणि लूपमध्ये एकच वास्तू पाहायला वेळ असेल तर हीच पाहावी.

दिवसाच्या शेवटी बहुतेकजण नदीवर बोटीत बसतात. या नदीची गोष्टही त्या गटारांशीच जोडलेली आहे. चेस्ब्रोच्या गटारांनी रस्ते कोरडे केले, पण घाण नदीत आणि नदीतून सरोवरात जात राहिली, आणि शहर पाणी प्यायचं ते त्याच सरोवराचं. त्यावर उपाय म्हणून अठ्ठावीस मैलांचा कालवा खणून १९०० च्या जानेवारीत नदीचा प्रवाहच उलटा फिरवला गेला. सरोवराला मिळणारी नदी आता सरोवरातून पाणी घेऊन मिसिसिपीच्या दिशेने वाहू लागली. शिकागोची सुटका झाली. मैला खालच्या गावांच्या वाट्याला आला. त्यांतल्या सेंट लुईस शहराच्या वतीने मिझुरी राज्याने थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. विषमज्वराचे जंतू इतका लांबचा प्रवास करून जिवंत राहतात का, यावर दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. १९०६ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून मिझुरीचा दावा फेटाळला गेला. शिकागोने मैला शुद्ध करणारी मोठी केंद्रं उभारली ती त्यानंतरच्या दशकांत.