खाटा मोजल्या, माणसे कोण मोजणार?

१९१२ साली डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया या पारशी डॉक्टरांनी पाचगणीत क्षयरोग्यांसाठी ‘बेल एअर’ हे आरोग्यधाम सुरू केले. मुंबईच्या गिरण्यांचा धूर आणि चाळींची दाटी इथे नव्हती. उंची चार हजार फुटांहून जास्त आणि पाऊस शेजारच्या महाबळेश्वरपेक्षा कितीतरी कमी. क्षयावर त्या काळी औषधच नव्हते. त्यामुळे कोरडी, मोकळी हवा हेच औषध, अशी डॉक्टरांची आणि रुग्णांची समजूत होती.

पाचगणीचा इतिहास लिहिणारे चेसनसाहेब, सिल्व्हर ओकची झाडे आणि निवासी शाळा यांवर भरभरून लिहितात. बेल एअरचा विषय निघाला की हवेवर लिहितात. त्या हवेत रुग्णाला महिनोन्‌महिने सांभाळणाऱ्या माणसांविषयी मात्र फारसे कुणी लिहीत नाही. इमारत दिसते, हवा जाणवते. काम करणारे हात ना फोटोत येतात, ना आकडेवारीत.

औषध नसलेल्या त्या काळात आरोग्यधामाचे काम काय असे? रुग्णाला पूर्ण विश्रांती, म्हणजे त्याचे सगळे दुसऱ्याने करायचे. दिवसातून अनेकदा ताप मोजून नोंदवायचा. दूध, अंडी, सकस जेवण वेळेवर द्यायचे. व्हरांड्यातल्या खाटा उन्हाप्रमाणे, वाऱ्याप्रमाणे हलवायच्या. थुंकीची भांडी गोळा करायची, जंतू मारून साफ करायची. मध्यरात्री एखाद्याला खोकल्यातून रक्त आले तर धावायचे. पुढे फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून छातीत हवा भरण्याचा उपचार जगभर रूढ झाला. ती हवा काही दिवसांनी पुन्हा भरावी लागे. एकदा सुरू केलेला उपचार वर्षानुवर्षे चाले आणि डॉक्टरांच्या कामात प्रत्येक रुग्णामागे कायमची भर पडे.

उर्दूत या कामाला सुंदर शब्द आहे, तीमारदारी. आजाऱ्याची काळजी वाहणारा तो तीमारदार. आपल्याकडे आजही वॉर्डात रुग्णाच्या उशाशी बसलेल्या आई, बहीण किंवा बायकोला उर्दू बोलणारे तीमारदारच म्हणतात. रुग्णालयाचा निम्मा भार हीच मंडळी उचलतात. भरवणे, कूस बदलणे, सलाईन संपली की ‘सिस्टर’ म्हणून हाक मारणे, हे सारे बिनपगारी. क्षयाच्या आरोग्यधामात नातेवाइकांना असे राहता येत नसे, कारण रोग संसर्गजन्य होता. घरची माणसे वजा केली की रुग्णसेवेला खरोखर किती हात लागतात, ते तिथे उघड होई.

हा हिशेब आपल्या तवारीखेला नवा नाही. बगदादला अदुद्दौलाने उभारलेले अदुदी रुग्णालय इसवी सन ९८२च्या सुमारास सुरू झाले. त्यात चोवीस वैद्य नेमले होते. डोळ्यांचे वेगळे, शस्त्रक्रियेचे वेगळे, हाडे बसवणारे वेगळे. तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न अबी उसैबिया यांनी त्यापैकी जिब्राईल इब्न उबैदुल्लाह या ख्रिस्ती वैद्याच्या कामाची नोंद केली आहे. त्याची पाळी आठवड्याला दोन दिवस आणि दोन रात्रींची होती. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी पाळ्यांचा तक्ता आखला होता. एक माणूस रोज रात्री जागू शकत नाही, ही साधी गोष्ट त्याला ठाऊक होती.

कैरोला सुलतान कलावूनने १२८४ साली मन्सुरी रुग्णालय उघडले. तिथे पुरुषांच्या दालनात पुरुष आणि स्त्रियांच्या दालनात स्त्रिया सेवेला असत. या सगळ्याचा खर्च वक्फमधून चाले.

आता आपल्या दख्खनमध्ये येऊ. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद (१४३६ ते १४५८) याने बिदरला रुग्णालय बांधले. विजापूरच्या दरबारात राहून इतिहास लिहिणारा फरिश्ता सांगतो की, सुलतानाने त्यासाठी गावे वक्फ करून दिली. त्या गावांच्या उत्पन्नातून रुग्णांचे औषध आणि जेवण भागत असे. उपचाराला मुसलमान हकीम होते आणि हिंदू वैद्यही होते. या नोंदीतला सलोखा आपण आवर्जून सांगतो, आणि सांगायलाच हवा. पण त्यातला व्यवहार आपल्या नजरेतून सुटतो. सुलतानाने नुसती इमारत दिली नाही, दरवर्षी येणारे उत्पन्न दिले. कारण इमारत एकदाच बांधावी लागते आणि माणसे रोज लागतात.

पाचगणीहून खाली उतरून कृष्णेच्या काठाने गेलो की मिरज लागते. तिथे डॉ. विल्यम वानलेस या कॅनडाच्या मिशनरी डॉक्टरने १८९४ साली रुग्णालय उभे केले. लौकिक पसरला, रुग्ण वाढले. तयार परिचारिका त्या काळी आणणार कुठून? मग तिथेच १८९७ साली परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. खाटा वाढवायच्या तर आधी माणसे घडवावी लागतात, हे मिरजेच्या उदाहरणातून दिसते. बेल एअर पुढे इंडियन रेड क्रॉसकडे आले आणि काही वर्षांनी तिथेही परिचारिका घडवणारे महाविद्यालय उभे राहिले.

देशपातळीवर हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो नाशिकला जन्मलेल्या एका मराठी ख्रिस्ती अधिकाऱ्याच्या समितीने. सर जोसेफ भोर यांची समिती १९४३ साली नेमली गेली आणि तिचा अहवाल १९४६ साली आला. त्यात हिंदुस्थानचे चित्र असे होते: ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका. अख्ख्या देशात परिचारिका सुमारे ७,००० होत्या. म्हणजे डॉक्टरांपेक्षा परिचारिकांचा दुष्काळ कितीतरी पटीने मोठा. ५०० माणसांमागे एक परिचारिका असावी आणि १९७१पर्यंत त्यांची संख्या ७,४०,०००वर जावी, असे उद्दिष्ट समितीने ठेवले. भोर समिती म्हटले की आपल्याला प्राथमिक आरोग्य केंद्रे आठवतात. परिचारिकांचा हा आकडा कुणाच्या ध्यानात राहत नाही.

याच सुमारास पाचगणीसारख्या ठिकाणांचे भवितव्य बदलत होते. १९४४ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध जाहीर झाला, १९५२ साली आयसोनियाझिड हाती आले. मग मद्रासमध्ये १९५६ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. १९३ क्षयरोग्यांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना घरीच औषधे दिली. घरी असणारे बहुतेक गरीब, दाटीच्या वस्तीत राहणारे, बेताचे खाणारे. १९५९ साली निष्कर्ष आला की, औषध नियमित घेतले तर घरीही रुग्ण जवळपास तितकेच बरे होतात आणि त्यांच्या घरच्यांना संसर्गाचा धोकाही वाढत नाही. याच पायावर १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम उभा राहिला.

या प्रयोगाने हवेचे महत्त्व कमी झाले, खाटांचेही झाले. माणसांचे झाले का? नाही. काम वॉर्डातून वस्तीत गेले. रुग्णाने गोळ्या घेतल्या का, मधेच का सोडल्या, हे दारात जाऊन पाहणारे पाय आता हवे होते. अशा कामाला खाटांची मोजपट्टी लागूच पडत नाही. बेल एअरनेही काळाबरोबर काम बदलले आणि पुढे एचआयव्हीबाधितांना आधार दिला. रोग बदलला की कामाचे स्वरूप बदलते आणि माणसांचा हिशेब नव्याने करावा लागतो.

तो हिशेब कसा करायचा? मी शिक्षक आहे, म्हणून शाळेच्या भाषेत सांगतो. आमच्याकडे संचमान्यता असते. पटावर मुले किती, त्यावरून शिक्षक किती हे ठरते. निवडणुकीची कामे, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी यांना त्या तक्त्यात जागा नसते. रुग्णालयात संचमान्यतेच्या जागी आकृतीबंध असतो आणि पटाच्या जागी खाटा.

भारतीय परिचर्या परिषदेचे एक प्रमाण आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सामान्य वॉर्डाला तीन रुग्णांमागे एक परिचारिका. ऐकायला छान वाटते. पण हे प्रमाण तिन्ही पाळ्या मिळून आहे. प्रत्येक पाळीत नऊ रुग्णांमागे एक. ३६ खाटांचा वॉर्ड असेल तर बारा परिचारिका, एका पाळीला चार. शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव, म्हणजे एकूण सोळाच्या आसपास.

ही राखीव संख्या म्हणजे चैन नव्हे. वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या काढा. सण, किरकोळ रजा, आजारपण आणि हक्काची रजा मिळून पन्नास दिवस धरा. उरले २६३. म्हणजे एका पाळीची एक जागा वर्षभर भरलेली ठेवायला एक माणूस पुरत नाही, जवळपास १.४ माणसे लागतात. तीच जागा चोवीस तास भरायची तर चार माणसेही अपुरी पडतात. कागदावर ‘एक पद’ दिसते तेव्हा हा गुणाकार कुणी करत नाही. मग रजेवर गेलेल्या सिस्टरचे काम उरलेल्या तिघींवर पडते आणि रागावलेले नातेवाईक त्या तिघींवर ओरडतात.

याच्याही पुढची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली पुस्तिकेतून मांडली आणि २०१० साली सुधारली. तिच्यात खाटा बाजूला ठेवून काम मोजतात. एका बाळंतपणाला किती वेळ, एका ड्रेसिंगला किती, नोंदी लिहायला किती. वर्षभरातले असे एकूण काम एका माणसाच्या वर्षातल्या प्रत्यक्ष कामाच्या वेळेने भागायचे. आलेला आकडा हजर माणसांशी ताडून पाहायचा. कोणत्या विभागात ओढाताण आहे आणि कुठे हात मोकळे आहेत, दोन्ही कळते. सातवीच्या मुलाला जमेल असा भागाकार आहे.

आपल्याकडे मात्र घोषणा होते ती खाटांची. ‘शंभर खाटांचे रुग्णालय मंजूर.’ ऑक्टोबर २०२३मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बाळे होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा सरकारला विचारलेल्या गोष्टींत एक हीच होती: मंजूर पदे किती, भरलेली किती?

सरकारला हा प्रश्न विचारताना तो स्वतःलाही विचारू. मे २०२०मध्ये इचलकरंजीच्या मुसलमानांनी ईदच्या खर्चाला फाटा देऊन ३६ लाख रुपये जमवले आणि इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. अभिमान वाटावा असे काम. पण अतिदक्षता विभागाचे प्रमाण लावले तर दहा खाटांना दहा परिचारिका आणि रजेसाठी तीन राखीव, अशा तेरा जणी दर महिन्याला लागतात. ते रुग्णालय सरकारी, म्हणून तिथे पगाराची जबाबदारी सरकारवर. आपल्या जमाती आणि ट्रस्ट जे दवाखाने चालवतात, तिथे ती कुणावर?

आपण रुग्णवाहिका देतो, डायलिसिसचे यंत्र देतो, त्यावर मरहूमांच्या नावाची पाटी लावतो. सदका-ए-जारिया म्हणून ते चांगलेच आहे. परंतु रात्रपाळीच्या सिस्टरच्या पगारावर पाटी लावता येत नाही, म्हणून त्यासाठी देणारा सापडत नाही. तिला तुटपुंजा पगार मिळतो, ती सहा महिन्यांत दुसरीकडे जाते, आणि यंत्र चादर पांघरून कोपऱ्यात बसते. बिदरच्या सुलतानाने गावे दिली होती ती याचसाठी. दुकानाचे भाडे, ठेवीचे व्याज नको असेल तर जागेचे उत्पन्न, असे काहीतरी कायमचे पगारासाठी बांधून द्यायला आजही कुणी अडवलेले नाही. आणि आपल्या मुली या पेशात येऊ पाहतात तेव्हा ‘रात्रपाळी असते’ म्हणून त्यांना अडवणेही थांबवायला हवे. आपल्या आईच्या उशाशी रात्री कुणाची तरी मुलगी उभी असतेच.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या गावात रुग्णालयाचे उद्घाटन असेल, सरकारी असो वा जमातीचे, तर तीन प्रश्न जरूर विचारा. मंजूर पदे किती? भरलेली किती? आणि आज रात्री दोन वाजता वॉर्डात किती माणसे हजर असतील?