एकावन्न गुण

लग्न ठरवताना छत्तीस गुण पाहतात हे मला ठाऊक होतं. (आमचे साडेसव्वीस जुळले होते. उरलेले साडेनऊ कुठले, ते कळायला पंचेचाळीस वर्षं लागली.) पण योद्ध्याला एकावन्न गुण लागतात आणि ते त्याचे त्यानेच वाटून घ्यायचे असतात, हे ज्ञान मला वयाच्या बहात्तराव्या वर्षी, न्यू जर्सीतल्या एका तळघरात, चौदा वर्षांच्या नातवाकडून प्राप्त झालं.

झालं असं, की 2020 च्या जानेवारीत आम्ही उभयता मुलाकडे गेलो. एप्रिलात परतायचं होतं. मार्चमध्ये विमानं बंद पडली. नातवाची शाळा घरात आली, चिरंजीवांचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं आणि माझी रवानगी तळघरात झाली, कारण म्हणे मी मीटिंग चालू असताना शिंकतो. तळघरात नातू होता, आणि त्याच्यापुढे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' होतं. देशोदेशीची माणसं इंटरनेटवरून एकाच वेळी एका काल्पनिक राज्यात हिंडतात, लढतात, भाजीपाला विकतात, असा हा खेळ. तो मूळ 2004 च्या नोव्हेंबरातला. लोकांना जुन्याची हुरहुर लागली म्हणून कंपनीने 2019 च्या ऑगस्टात जुनी आवृत्ती 'क्लासिक' या नावाने पुन्हा बाजारात आणली. नातू तीच खेळत होता.

"आजोबा, तुम्हांला ही आवडेल," तो म्हणाला. "जुनी आहे."

जादूगार, पुजारी, शिकारी वगैरेंपैकी कोण व्हायचं असं विचारल्यावर मी तात्काळ योद्धा निवडला. जादूगाराला फार वाचावं लागत असेल आणि माझा चष्मा वर राहिला होता, एवढंच कारण. नातवाने कपाळाला हात लावला. का, ते पुढे कळलं. जादूगाराचं शक्तीचं भांडं सुरुवातीलाच काठोकाठ भरलेलं असतं. योद्ध्याचं रिकामं. त्याची शक्ती म्हणजे राग, आणि तो राग त्याने दुसऱ्याला मारल्यावर किंवा स्वतः मार खाल्ल्यावरच थेंबाथेंबाने साठतो. मार खाल्ल्याखेरीज ज्याला राग येत नाही असा योद्धा पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. सरकारी नोकरीतली छत्तीस वर्षं माझी याच तत्त्वावर गेली. शिवाय याला स्वतःची जखम बरी करता येत नाही. डोक्यावर मेणबत्ती लावून खाणीत फिरणारे कोबोल्ड नावाचे उंदीरतोंडे प्राणी असतात. त्यांतले दोन मारले, की आमचा वीर मटकन खाली बसून पाव खातो. मग पुन्हा दोन, पुन्हा पाव. आमची ही एकदा चहा घेऊन खाली आली, पाच मिनिटं पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "हा लढतो कधी?"

तर दहाव्या पायरीला योद्ध्याला पहिला गुण मिळतो आणि पुढे दर पायरीला एक. साठावी पायरी म्हणजे कळस. तिथपर्यंत एकावन्न होतात. ते लावायला तीन झाडं. 'आर्म्स' म्हणजे शस्त्रविद्या, 'फ्युरी' म्हणजे संताप आणि 'प्रोटेक्शन' म्हणजे ढाल घेऊन पुढे उभं राहणं व सगळ्यांच्या वाटचा मार एकट्याने खाणं. झाडाच्या पहिल्या ओळीत पाच गुण टाकले की दुसरी ओळ उघडते, आणखी पाच टाकले की तिसरी. तिसावा गुण पडल्यावर अगदी शेंड्यावरचं फळ हाती लागतं, त्यासाठी एकतिसावा मोजायचा. म्हणजे एका झाडाच्या शेंड्यापर्यंत जाता येतं, दोन झाडांच्या नाही.

आर्ट्स, सायन्स, कॉमर्स! अकरावी पास झालेल्या माझ्या पिढीला याहून अधिक समजावण्याची गरज नाही.

हे गुणांचं प्रकरण आलं कुठून, याचा मी तळघरात बसून छडा लावला. वेळ भरपूर होता. याचं गोत्र जातं 1974 साली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं गाव आहे. तिथला गॅरी गायगॅक्स हा पूर्वी विमा कंपनीत धोके मोजणारा माणूस. ती नोकरी गेल्यावर तो घरी बसून जोडे दुरुस्त करी. त्याने आणि डेव्ह आर्नेसन याने मिळून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-पेन्सिलीचा खेळ काढला. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. त्यात तीनच पेशे होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. जादूगाराला रोज कुठले मंत्र घ्यायचे ते ठरवावं लागे, लढवय्याला मात्र काहीच ठरवावं लागत नसे. तो शिकाऊ असतानाच त्याचा हुद्दा 'व्हेटरन', म्हणजे मुरलेला. दोन हजार अनुभव जमले की दुसरी पायरी, मग तिसरी. दर पायरीला अंगात थोडी अधिक धुगधुगी, हाताला थोडी अधिक नेमकी बसगत. नवव्या पायरीला 'लॉर्ड'. ही सरळसरळ वार्षिक वेतनवाढ झाली. पराक्रम असो नसो, पण मरू नका, म्हणजे वर चढाल! सेवाज्येष्ठतेचं तत्त्व विस्कॉन्सिनमध्येही आपल्यासारखंच पाळलं जातं हे वाचून मला गहिवरून आलं. त्या लढवय्याला निवडीची खरी मुभा मिळाली ती थेट 2000 साली, खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत.

तोवर हे सगळं संगणकावर गेलं होतं. 1997 च्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये पेशाच नव्हता. जे कराल ते वाढेल, मात्र सगळ्या कौशल्यांची बेरीज सातशेच्या वर जाणार नाही. तलवार चालवा, स्वयंपाक करा, मासे धरा. भीक मागणं हेसुद्धा तिथे एक रीतसर कौशल्य होतं. सातशे भरले की नवं शिकण्यासाठी जुनं विसरायचं. या वयात ही अट मला मुळीच जाचक वाटत नाही. विसरण्याची बाजू मी भक्कमपणे सांभाळीन.

मग 1999 च्या मार्चमध्ये 'एव्हरक्वेस्ट' आला. हा माणसांना इतका चिकटला, की लोक शेवटच्या पायरीवर पोचून हात चोळत बसले. पुढे काय? तेव्हा 2001 च्या डिसेंबरात कंपनीने एक तोड काढली. एकावन्नाव्या पायरीनंतर तुमच्या अनुभवाच्या कमाईतला अमुक टक्के भाग बाजूला वळवायचा, त्याचे वेगळे गुण साठवायचे आणि त्यांतून बारीक बारीक क्षमता विकत घ्यायच्या. प्रॉव्हिडंट फंड! मी उडालोच. राक्षस मारून आलेल्या मिळकतीतूनही दरमहा कपात होऊ शकते, हे ज्या कोणाला सुचलं त्याच्या घराण्यात एखादा तरी हेडक्लार्क होऊन गेलेला असणार.

झाडांची कल्पना लोकप्रिय केली ती 2000 सालच्या 'डायब्लो टू'ने. तिथे प्रत्येक पेशाला तीन झाडं, आणि नियम कडक: एकदा टाकलेला गुण परत नाही. चुकलात? नवा माणूस घ्या, पहिल्यापासून सुरुवात करा. हा नियम 2010 च्या मार्चपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं टिकला. या दहा वर्षांत जगभर किती रानटी वीर एका चुकलेल्या गुणापायी वाऱ्यावर सोडले गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

'वॉरक्राफ्ट'वाल्यांनी मधला मार्ग काढला. मत बदलता येईल, पण पैसे पडतील. शहरात योद्ध्यांचा गुरू असतो, त्याच्याकडे जायचं. पहिल्या वेळी एक सुवर्णमुद्रा, दुसऱ्या वेळी पाच, मग दहा, पंधरा, असं चढत पन्नासपर्यंत. मला विचाराल तर पन्नास वर्षांच्या या इतिहासातला हा एकमेव शहाणा कायदा. दरवाजा बंद नाही, पण करकरतो.

अर्थात हे सगळं मला कळायच्या आधीच मी गोंधळ घातलेला होता. बाविसाव्या पायरीपर्यंत तेरा गुण मिळाले. ते मी दिवाळीच्या फराळासारखे सगळीकडे थोडे थोडे वाटले. पाच शस्त्रांना, चार संतापाला, चार ढालीला. कोणी नाराज नको. संतापाचे चारही मी 'दणदणीत आवाज' या कलमात घातले. आरोळी ठोकली की ती लांबवर जावी, असा त्याचा अर्थ. "त्यावर कशाला खर्च केलात?" असं हिने जिन्यातूनच विचारलं.

अशा स्थितीत नातू मला 'डेडमाइन्स'मध्ये घेऊन गेला. जमिनीखाली खाणी, खाणींच्या पोटात बंदर आणि बंदरात एक अख्खं जहाज. तिथे दरोडेखोरांची टोळी राहते. हे दरोडेखोर मूळचे गवंडी. त्यांनी राजधानी पुन्हा बांधून दिली आणि सरदारांनी त्यांची मजुरी बुडवली, म्हणून ते बिघडले. बिलं पास करणाऱ्या खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाने तलवार उपसून त्यांच्या अंगावर जायचं, म्हणजे फारच झालं. तरी गेलो. आम्ही पाच जण. मी पुढे ढाल घेऊन, मागे नातू जादूगार, आणि सर्वांच्या जखमा भरायला नववीतली एक मुलगी पुजारीण. योद्ध्याचं काम एकच: शत्रूंचा सगळा राग स्वतःवर ओढून घ्यायचा. पण त्यासाठीचे गुण ढालीच्या झाडात, आणि माझे तिथे चार. गवंडी माझ्या बाजूने असे निघून गेले, जसं काही मी रांगेत उभाच नाही, आणि त्या पोरीवर तुटून पडले. ती गेली, मग नातू गेला, मग बाकीचे. सगळ्यांत शेवटी मी, कारण माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

"इट्स ओके," ती मुलगी म्हणाली. त्या दोन शब्दांनी जो लागला, तसा घाव गवंड्यांना घालता आला नाही.

त्याच रात्री मी गुरूकडे गेलो, एक मुद्रा मोजली आणि तेराच्या तेरा गुण ढालीला दिले. दुसऱ्या खेपेला जहाजापर्यंत पोचलो आणि पुजारिणीला ओरखडासुद्धा आला नाही. मला वाटतं, बढतीच्या दिवशीसुद्धा मी इतक्या ताठ मानेने जिना चढलो नव्हतो. पण एकट्याने हिंडताना ढालवाल्याला एक रानडुक्कर मारायला चहा निवेपर्यंत वेळ लागे. म्हणून पाच मुद्रा देऊन संताप घेतला. कोणीतरी दोन हाती कुऱ्हाडीचे गोडवे गायले, दहा देऊन शस्त्रविद्या. पंधरा देऊन पुन्हा संताप. वीस देऊन परत ढाल. महिनाभराची बेरीज केली तर बरोबर एकावन्न मुद्रा! त्यातल्या निम्म्या नातवाकडून उसन्या. चाळिसाव्या पायरीला घोडा घेता येतो, त्याला जवळजवळ शंभर लागतात. बाकीचे योद्धे घोड्यावरून जात आणि मी त्यांच्या बाजूने पायी.

एका रात्री पाव खात बसलो असताना (पडद्यावरचा योद्धा, मी चिवडा) नातवाने विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठलं झाड घेतलं होतं? खरं खरं?"

मी सांगितलं. 1964 साली मला आर्ट्सला जायचं होतं, संस्कृत घ्यायचं होतं. वडिलांनी सायन्सचा फॉर्म भरून आणला. मी सही केली. शेवटी नोकरी लागली ती हिशेबाची, जिथे दोन्हींचा उपयोग नव्हता.

"मग चेंज का नाही केलंत?"

"गुरूकडे जावं लागतं ना," मी म्हटलं. "आमच्या वेळी गुरू म्हणजे तुझे पणजोबा."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "किती गोल्ड लागलं असतं?" मी मनात आकडा काढायला बसलो आणि तेवढ्यात एक अस्वल अंगावर आलं.

जुलैत 'वंदे भारत'च्या विमानात जागा मिळाली. निघायच्या आदल्या रात्री मी चाळिसाव्या पायरीवर पोचलो. एकतिसावा गुण हातात. आता शेंड्यावरचं फळ, म्हणजे ढालीचा सणसणीत तडाखा, फक्त बटण दाबायचं होतं. वरून हाक आली, की वजनकाट्यावर बॅग चार किलो जास्त भरते आहे, खाली काय करताय? मी योद्ध्याला एका खाणावळीत नेऊन बसवलं आणि वर गेलो.

पुढचा इतिहास नातू फोनवर सांगत असतो. नव्या आवृत्तीत 2010 साली झाडं छाटली गेली. 2012 मध्ये ती मुळासकट उपटली आणि दर पंधरा पायऱ्यांनी तिनांतून एक निवडा, असा प्रकार आला. लोक दहा वर्षं कुरकुरले तेव्हा 2022 मध्ये झाडं परत लावली. आता मत बदलणं फुकट आहे, लढाई चालू नसली की झालं. त्याचं स्वतःचं कॉलेजचं ठरत होतं. दोनदा विषय बदलून झाले होते, तिसऱ्यांदा बदलणार होता.

"आजोबा, तुमचा तो वॉरियर अजून आहे," तो मध्येच म्हणाला. "खाणावळीत. एक पॉइंट टाकायचा राहिलाय. मी टाकू?"

"थांब जरा," मी म्हटलं. "विचार करू दे."